फॉस्कोचं नवं स्टिअरिंग

फॉस्कोनं आपल्या जुन्या अल्फा गाडीला जाडजूड कातडी स्टिअरिंग आणि गिअरचा लांब दांडा बसवून घेतला आणि ओलिंदोच्या पोटात दुखायला लागलं. त्याचीही गाडी अल्फाच, तेवढीच जुनी, तेवढीच लाल. पण रविवारी चौकात कॉफी प्यायला जमलेलं अख्खं गाव फॉस्कोच्याच गाडीभोवती!

“स्वतःच्या लग्नातसुद्धा एवढा नटला नव्हतास,” ओलिंदो फणकारला. “जुन्या स्टिअरिंगनं काय घोडं मारलं होतं रे तुझं?”

फॉस्कोनं उजवा हात पुढे केला. बोटं अर्धीच मिटली.

“ते बारीक लाकडी स्टिअरिंग आता मुठीत धरवत नाही. गिअरपर्यंत हातही पोचत नाही.” मग ओलिंदोच्या गाडीत डोकावून तो म्हणाला, “तू अजून तेच चालवतोस, लेका! रोज माझ्या दारावरून जातोस, तेव्हा जळून खाक होतो मी.”