सासूचं डोकं

सासूचं डोकं रेआलनं फावड्याच्या दोन घावांत उडवलं.

लोकांच्या छपरांवरचा बर्फ उतरवण्यात त्याचा अख्खा हिवाळा जायचा, त्यामुळे हात सराईत होता. कापलेला भाग त्यानं पायानं खाली लोटला आणि इकडेतिकडे पाहिलं. टोळीतली बाकीची माणसं उंचवट्यांच्या आपापल्या रांगेत वाकून बर्फ फोडत होती. सराव संपला होता, पहिली फेरी सुरू व्हायची होती. मधल्या वेळात स्कीच्या स्पर्धेचा उतार नीट करून द्यायचं काम गावातली माणसं वर्षानुवर्षं हौसेनं करत आली होती. खळगे उकरायचे, उंचवट्यांना हात लावायचा नाही, एवढाच नियम.

"खळगा खणतोयस की विहीर?" पलीकडच्या रांगेतून लुसिएननं मान वर न करताच विचारलं.

"कडक आहे फार," रेआल म्हणाला.

सासू म्हणजे मधल्या रांगेतला बर्फाचा एक उंचवटा. उडी मारायच्या वरच्या चढाच्या अगदी अलीकडे, येणाऱ्या-जाणाऱ्याला ढुंगणावर आपटायला बसलेला. जानेवारीत तिनं रेआलच्या मुलीचं, नोएमीचं, मनगट मोडलं होतं. तेव्हापासून पोरगी त्या जागी आली की रेआल डोळे मिटून घ्यायचा. आज सकाळी सरावातही त्यानं मिटले होते. आज राष्ट्रीय संघाची निवड होती, मोसमातली शेवटची. पोरीच्या वाटेतला एवढा एक काटा काढला तर कुणाचं काय बिघडतं, असा त्याचा सरळ विचार.

नोएमीचं नाव पुकारलं गेलं आणि ती निघाली.

हात पुढे, छाती दरीकडे, डोकं जागच्या जागी. कमरेच्या खाली मात्र गुडघे शिवणयंत्राच्या सुईसारखे वरखाली होत होते. परीक्षकांना लांबून दिसावेत म्हणून पँटवर गुडघ्यापाशी शिवलेले दोन लाल चौकोन एकमेकांना चिकटून होते. स्कीच्या कडा बर्फात रुतत आणि अलगद सुटत. किती सुंदर उतरते ही, रेआलला वाटलं. जानेवारीनंतर प्रथमच त्यानं डोळे उघडे ठेवले होते.

सासू आली. नोएमीनं गुडघे छातीपर्यंत ओढून घेतले, आणि पायांखाली काहीच आलं नाही. अंधारात जिन्याची आणखी एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा, तसं झालं. वजन मागे गेलं, कड लागली नाही. वेग होता तसाच घेऊन ती तिरकी उडीच्या चढावर गेली आणि तिरकीच खाली आली. एक स्की सुटून पार जाळीपर्यंत गेली.

थोड्या वेळानं ती उठून उभी राहिली. काही मोडलं नव्हतं.

खाली प्रशिक्षक ओडिलनं, तिकडच्या शिव्यांच्या रीतीप्रमाणे, चर्चमधली सगळी पवित्र भांडी एकामागून एक शिवीत वापरली. "कुठल्या गाढवानं सासू तासली?"

रेआल फावडं घेऊन तिच्यासमोर येऊन उभा राहिला. "मी."

नोएमी गळ्यातला बर्फ झटकत होती. तिचा हात थांबला. "का?"

"ती तुला पाडते, पोरी."

"जानेवारीत पाडलं. त्यानंतर कधी पाडताना पाहिलंस?"

रेआलनं काही पाहिलंच नव्हतं.

"हात प्लास्टरमध्ये होता तेव्हापासून ती रोज त्या सासूवर घाम गाळतेय, रेआल," ओडिल म्हणाली. "उडीच्या आधी वेग मोडायला त्या रांगेत तेवढीच एक जागा आहे. तिच्या पाठीवर कड टेकवते, म्हणून पोरगी सरळ उडते. आणि तू नेमका ब्रेकच काढून फेकलास!"

"दुसऱ्या फेरीला बाजूच्या रांगेतून उतरली तर?" रेआलनं विचारलं.

"मला हीच येते, बाबा," नोएमी म्हणाली.

पहिल्या फेरीत मागे राहिलेल्यांना आणखी एकदा उतरता येणार होतं. एकदाच. रेआलला लाज वाटली. लाजेहूनही जास्त भीती वाटली, कारण नोएमी आता काय म्हणणार ते त्याला कळून चुकलं होतं.

"वर जा आणि परत बांध. तूच बांध. तुझ्याएवढा हात इथं कुणाचा नाही."

"केवढी होती?"

तिनं तळहात मांडीशी आडवा धरून दाखवला. "इथपर्यंत. आणि खालची बाजू उभीच ठेव. माझ्यासाठी म्हणून गोल करशील, तसं नको."

मधल्या सुट्टीत टोळी पुन्हा उतारावर उतरली. थंडी मरणाची होती, थापलेला बर्फ लगेच धरत होता. रेआल फावड्याच्या पाठीनं मारत होता, बुटांनी दाबत होता, कड कापून सरळ करत होता.

"लोक सासू घरातून घालवायला बघतात," लुसिएन म्हणाला, "आणि हा बघा, हातानं घडवून आणतोय."

कुणी तरी हसलं. रेआल हसला नाही. वर, उताराच्या सुरुवातीच्या दांड्याशी नोएमी येऊन थांबली होती. त्यानं वर पाहिलं. तिनं काठी उंचावून दाखवली: अजून.

त्यानं आणखी एक फावडं टाकलं. पुन्हा वर पाहिलं. अजून.

शेवटी काठी खाली आली. रेआलनं हातमोजा काढला आणि उघड्या तळव्यानं सासू सगळीकडून दाबून पाहिली. कुठेही दबत नव्हती. मग तो रांगेतून बाजूला झाला आणि वाट मोकळी असल्याची खूण म्हणून त्यानं स्वतःच हात वर केला.