माहेरी गेली म्हणून

गरोदर बायकांच्या बीपीवर वीस वर्षं संशोधन करणाऱ्या डॉक्टरीणबाईंचा केशोरीत सत्कार होता. "माझ्या अभ्यासातली एकही बाई दगावली नाही," त्या म्हणाल्या. टाळ्या पडल्या.

सौंदडहून आलेली रुख्मा उभी राहिली. "अन् माही लेक रीता? ते तं तुमच्यापाशीच तपासाले येत होती."

"मावशी, रीता सातव्या महिन्यात तुमच्याकडे आली ना? माहेरी गेलेल्या बायका अभ्यासातून वगळतात. नियमच आहे तसा."

रुख्मानं पिशवीतून रीताचं तपासणीचं कार्ड काढून त्यांच्या हातात दिलं. "मंग हे वाचा ना बाई, सगळ्यायले आयकू येईन असं."

कार्डावर शेवटची ओळ बाईंच्याच अक्षरात होती : 'बीपी १८०/११०. आजच माहेरी पाठवा.'