गाव पसंत नाही

"हा किल्ला?" गाडीची काचही खाली न करता नाना म्हणाले. "साताऱ्यात याला गोठा म्हणतात."

धनंजयने खजुराच्या झाडाखाली गाडी लावली. सकाळीच त्याने वडिलांना दुबईच्या विमानतळावरून घेतलं होतं. दुबईतल्या ऊद मेथा भागातला त्याचा फ्लॅट तिथून पंधरा मिनिटांवर. ते सोडून त्याने धैद नावाच्या गावाचा तासाभराचा रस्ता धरला होता. "वाटेत एक जुनं ऐतिहासिक गाव आहे, तुम्हाला आवडेल," असं सांगून. वाटेत कसलं, पार उलट्या दिशेला. पण नानांना ते कुठून कळणार?

खरी गोष्ट अशी की ऊद मेथाचा फ्लॅट आठ महिन्यांपूर्वीच सुटला होता. दुबईतली कंपनी बंद पडली, मॅनेजरची खुर्ची गेली, आणि धनंजय बायकोला, विनिताला, घेऊन याच धैदमध्ये दोन खोल्यांत राहायला आला. आता तो जनावरांच्या चाऱ्याच्या गोदामात पेंढ्या मोजायचा. हे नानांना दारात पोचायच्या आत सांगायचं होतं. आधी त्यांना गाव आवडू दे, मग सांगू, असा त्याचा बेत होता.

बेत करायलाही अक्कल लागते. नानांनी, म्हणजे देवदत्त गुरुजींनी, चाळीस वर्षं इतिहास शिकवला, पण त्यांना काही आवडल्याचं साताऱ्यात कुणी ऐकलं नव्हतं. लग्नाच्या पंगतीत बसून ते मठ्ठ्याला नावं ठेवत. फक्त दोन गोष्टींना त्यांनी कधी नावं ठेवली नाहीत. एक त्यांचा स्वतःचा बंगला आणि दुसरा दुबईतला मॅनेजर मुलगा. त्यातला दुसरा आज निकालात निघणार होता. मग म्हातारा पहिल्या विमानाने परत जाईल आणि पुन्हा तोंड बघणार नाही, याची धनंजयला खात्री होती.

किल्ल्याच्या दारात पहारेकरी अक्रमने हात वर केला. "सलाम, धनंजयभाई! आज ड्यूटी नहीं?"

"हा तुला कसा ओळखतो?"

"कंपनीच्या कामाने येतो ना मी इकडे. साइट व्हिजिट."

नाना बुरुजाला बोट लावून माती टोकरून बघत होते. "अजिंक्यतारा चढताना छाती फुटते. इथे धाप न लागता गड सर! नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा."

"मातीचा असून टिकलाय, नाना."

"पाऊस नाही म्हणून टिकलाय. त्यात गडाचं काय कर्तृत्व?"

धनंजयने त्यांना बाजारातून फिरवलं. खजूर, चाऱ्याच्या गासड्या, मधाच्या बाटल्या. नानांनी मध चाखला आणि तोंड वाकडं केलं. मग दुकानांवरच्या खिडक्यांकडे मान वर करून पाहिलं.

"या खुराड्यांत माणसं राहतात?"

"राहतात की."

"भाडं काय घेतात?"

"दोन खोल्यांना दीड हजार दिरहम. म्हणजे छत्तीस हजार रुपये."

"छत्तीस हजार! माझ्या बंगल्याचं न्हाणीघर याहून मोठं असेल. आणि म्हाताऱ्या माणसाने जिने चढून मरायचं?"

"तळमजल्यावरही मिळतात."

"दवाखाना आहे, की उंटाच्या डॉक्टरकडेच जायचं?"

"सरकारी दवाखाना आहे. चांगला आहे."

"आणि मेलं म्हणजे? वाळूत ढकलतात?"

"शारजात सोय आहे, नाना." धनंजयला आता रडू यायचंच बाकी होतं. आपल्या गावाची अशी सालटी काढलेली ऐकताना त्याला पहिल्यांदाच त्या गावाबद्दल माया वाटली.

"मराठी माणूस तरी सापडतो का एखादा? की दिवसभर भिंतीशी बोलायचं?"

"एक चंद्रहास आहे कोल्हापूरचा. गॅरेज चालवतो. संध्याकाळी सवड असते त्याला."

"वा! म्हणजे ग्रीसचे हात पुसत पुसत तो माझ्याशी शिवकाल बोलणार."

विनिताचा फोन आला. "अरे, सांगितलंस का? यल्ला, चल लवकर, आमटी तिसऱ्यांदा गरम केली."

"इन्शाल्ला," धनंजय म्हणाला आणि फोन ठेवला.

गाडीत नानांच्या चार बॅगा होत्या. पंधरा दिवसांच्या मुक्कामाला चार बॅगा! दुबईत काही धड मिळत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. एक बॅग तर त्यांनी वाटभर मांडीवरच धरली होती, कारण धनंजयला नीट ठेवता येत नाही. गाडी दोन वळणं घेऊन एका पिवळ्या इमारतीपाशी थांबली. तळमजल्याच्या दारात विनिता उभी होती. सुनेला तिथे बघून नानांच्या भुवया वर गेल्या.

आता लपवायला काही उरलं नव्हतं. धनंजयने स्टिअरिंगकडे बघतच सगळं सांगून टाकलं. कंपनी, फ्लॅट, गोदाम, पेंढ्या. "मी मॅनेजर नाही, नाना. आठ महिने झाले. आम्ही इथेच राहतो. तुमच्या त्या खुराड्यात."

नानांनी मांडीवरच्या बॅगेची चेन पुन्हा एकदा ओढून बघितली.

"तुमचं परतीचं तिकीट मी उद्याचं करून देतो," तो म्हणाला. "फक्त साताऱ्यात कुणाला सांगू नका. परेशला तर नकोच. धाकट्या भावापुढे मला मान खाली घालायची नाही."

नानांनी दार उघडलं, मांडीवरची बॅग छातीशी धरून खाली उतरले आणि पिवळ्या भिंतीकडे बघत उभे राहिले.

"परेशने बंगला विकला. सही माझीच घेतली," ते म्हणाले. "चार महिने मी साताऱ्यातच एका मठाच्या धर्मशाळेत झोपतोय. दोनातली माझी खोली कुठली?"