साखरेची कुरबुर

"या घरातली साखर संपलीय का?" चहाच्या कपात बघत मोरेश्वर पुटपुटले.

"विसरले हो," नलिनी रोजच्यासारखंच म्हणाली. साखर त्यांनीच वर्षापूर्वी सोडली होती, पण ते त्यांना सांगणार कोण? त्यांची लेकसुद्धा ते सांगायचं टाळायची.

घराघरांतल्या यंत्रांनी टिपलेलं बोलणं आता नावं गाळून, विषय लावून आपोआप समाजशास्त्राच्या संग्रहात जमा व्हायचं. नलिनीचा अभ्यास त्यावरच होता. तिनं दमलेल्या बोटांनी शोध घेतला: क्षेत्र कुटुंब, विषय कुरबुरी. स्वतःच्या घरची ही कुरबुर रोज तिथं, साध्या कुरबुरींतच सापडली की तिला हायसं वाटायचं. आज ती नव्हती. वाक्य टाकून शोधल्यावर सापडली, पण वेगळ्या विषयाखाली: स्मृतिभ्रंश.

तिनं स्क्रीन बंद करायच्या आत मागे उभ्या मोरेश्वरांनी वाचलं.

"विसरणारी तू नाहीस, नलू," ते म्हणाले. "मी विसरतोय."