घराची पाहणी

"पलंगाखालच्या त्या ट्रंका आधी काढा. ते लोक वाकून बघतात म्हणे," कुलूपवाली म्हणाली.

"आपण कुत्रं आणतोय की जावई?" कुलूपवाला पुटपुटला, पण गुडघे टेकून ट्रंका ओढू लागला.

पुढे दुकान, मागे घर. नवरा कुलपं दुरुस्त करतो, किल्ल्या करून देतो, म्हणून सगळी गल्ली तिला कुलूपवालीच म्हणते. मुलगी शिकायला दूर गेल्यापासून घर तिला खायला उठत होतं. नवरा दिवसभर मशीनशी बोलायचा आणि ती रेडिओशी.

मग कुत्र्यांच्या शेल्टरमध्ये तिने मोज्या पाहिला आणि तिथल्या तिथे तिचं ठरलं. जेमतेम वर्षाचा. जात विचाराल तर सगळ्याच जातींचा थोडा थोडा. अंग तपकिरी आणि एकच पाय पांढरा, एक मोजा घालून बाकीचे शोधायचे राहून गेल्यासारखा. स्वभावाने इतका गरीब की घास उचलायच्या आधी माणसाच्या तोंडाकडे बघायचा. तो आला आणि त्याने तिच्या पावलावर हनुवटी टेकली. शेपटी मात्र हलवली नाही.

"अजून कुणासाठीच हलवलेली नाही," शेल्टरच्या बाई म्हणाल्या. "मालकांनी स्वतः आणून सोडलाय. मुलाकडे राहायला जायचंय आणि तिथे नातवाला कुत्र्याच्या केसांनी धाप लागते. करणार काय? सारखा फोन करून विचारतात. आता निदान सांगता येईल, चौकातल्या कुलूपवाल्यांकडे चाललाय म्हणून. पण आधी रविवारी आमचं माणूस घर बघून जाईल. पसंत पडलं तरच हं."

शेजारच्या शिंप्याला जिन्याला कठडा नाही म्हणून नकार मिळाला होता. हे कळल्यापासून कुलूपवालीच्या जिवाला घोर लागला होता. आज सकाळपासून तिने विजेच्या तारा वर बांधल्या, फिनेल कपाटात कोंडलं, परसाच्या फाटकाला नवऱ्याकडून नवी कडी बसवून घेतली.

बेल वाजली. दारात साठीचे एक गृहस्थ. इस्त्रीचा शर्ट, जाड भिंगांचा चष्मा, गळ्यात मफलर.

"कुत्र्यासाठी आलोय," ते म्हणाले. "घर बघितलं तर चालेल का?"

"अहो, या ना साहेब. सकाळपासून तुमचीच वाट बघतोय."

साहेब उंबऱ्यात जरा घुटमळले, मग पाय पुसून आत आले. आणि खरोखरच गुडघे टेकून त्यांनी पलंगाखाली पाहिलं. कुलूपवालीने नवऱ्याकडे असा काही कटाक्ष टाकला की तो मुकाट्याने छताकडे बघू लागला.

साहेबांनी परसातली नवी कडी हलवून पाहिली. किल्ल्यांचं मशीन चालवायला लावलं आणि त्याची किरकिर मान तिरकी करून ऐकली.

"पहिले काही दिवस मधलं दार लावून चालवा. आवाजाला भितो तो. कुठेतरी मागे जाऊन बसेल. ओढून काढू नका, आपणहून येतो."

"बरं, साहेब."

"चपला कुरतडेल."

"जुन्या काढून ठेवल्यात," कुलूपवाली म्हणाली. "नव्या कुरतडल्या तर यांच्या कुरतडू दे."

साहेब हसले. मग भिंतीकडच्या खुर्चीवर टेकले आणि चहाचा कप नुसताच हातात धरून बसले.

"नाव बदलणार का त्याचं?"

ही परीक्षा असावी असं तिला वाटलं. काय उत्तर हवंय ते काही कळेना, मग मनात होतं तेच बोलली. "नाव त्याचं आहे. कुणीतरी मायेने ठेवलं असेल. आम्ही कोण बदलणारे?"

साहेबांनी चष्मा काढला, मफलरच्या टोकाने बराच वेळ पुसला.

तिला राहवेना. "साहेब, आम्ही पास का?"

"मला विचाराल तर हो," ते म्हणाले आणि उठले. दारापाशी वळून त्यांनी सगळी खोली पुन्हा एकदा नजरेखालून घातली.

ते गेल्यावर खुर्चीवर मफलर दिसला. ती तो घेऊन रस्त्याच्या टोकापर्यंत धावली, पण साहेब कुठेच नव्हते. मफलरला कुत्र्याचे केस चिकटलेले होते. शेल्टरच्या माणसाचा मफलर, त्याला दुसरं काय चिकटणार? तिने तो झटकला आणि खुर्चीच्या पाठीवर टाकून ठेवला.

"आयुष्यभर गिऱ्हाइकं पाहिली मी," कुलूपवाला म्हणाला. "चेहरा बघून माणूस ओळखतो. अशाच कडक माणसाला तपासणीवर ठेवतात."

"तुम्ही गप्प बसा. पास झालो ना," ती म्हणाली. किती दिवसांनी ती स्वयंपाक करताना गुणगुणत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेल्टरच्या बाई स्वतःच दारात उभ्या. हातात पट्टा आणि पट्ट्याच्या टोकाला मोज्या, शेपटी पायात घालून.

"माफ करा हं," बाई म्हणाल्या. "काल आमची गाडीच सुरू होईना, म्हणून घर बघायला कुणी येऊ शकलं नाही. आज मीच आले. म्हटलं, यालाही घेऊन जावं, म्हणजे त्यालाही घर बघता येईल."

"कुणी नाही कसं? काल तुमचे साहेब आले होते की. चष्मेवाले. पलंगाखालीसुद्धा बघून गेले."

"आमच्याकडे चष्मेवाले साहेब कुणी नाहीत हो."

मोज्याने नाक वर केलं. बाईंच्या हातातून पट्टा सुटला. तो खुर्चीपाशी धावला, मफलर दातांनी हळूच खाली ओढला, तो तोंडात धरूनच दारापर्यंत गेला आणि दोन्ही बाजूंना रस्त्याकडे बघत राहिला. मग परत आला, मफलर कुलूपवालीच्या पावलांवर ठेवला, त्यात नाक खुपसून आडवा झाला, आणि त्याची शेपटी जमिनीवर थाप थाप वाजायला लागली.