बडीशेपेचा दाणा

तपासनिसानं चिमट्यात धरलेला दाणा विद्याधरच्या डोळ्यांसमोर नाचवला. "पुन्हा बी! बाहेरचं बी या देशात चालत नाही. गाडी साफ करून आणा."

विद्याधर मटकन पायरीवर बसला. वारलेल्या वडिलांची, दादांची, जुनी फियाट त्यानं हौसेनं मेलबर्नला आणली, ती बंदरातच अडकली. दादा गाडी चालवताना बडीशेपेची फक्की मारायचे. निम्मी तोंडात, निम्मी सीटच्या फटीत.

"गेल्यावरही छळतायत," तो बायकोपाशी करवादला.

शेवटी त्यानं सीटच उसवून झाडून घेतली. गाडी पास झाली, नवा नंबर लागला.

दादांच्या जागेवर बसून तो फटीत बोटं घालून चाचपू लागला.

"अहो, आता काय शोधताय?"

"एखादा तरी दाणा राहिला असेल गं. दादा इतके टापटीप कधीच नव्हते."