अस्सल गेम

"बाई, आतलं यंत्र बदललंय तुम्ही." त्यानं व्हिडिओ गेमचा डबा काउंटरवर ठेवला. "बाहेरचं खोकं तेवढं माझं आहे."

दुरुस्तीवाल्या बाईंनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. तीस वर्षं माळ्यावर पडलेला तो डबा त्यांनी गेल्याच आठवड्यात चालू करून दिला होता.

"का? बंद पडला का?"

"बंद नाही. पण हा तो नाही."

"दादा, हळू," मागून त्याची धाकटी बहीण म्हणाली. चिमी तिचं लाडाचं नाव. दादा दुकानात जाऊन भांडण उकरणार हे ओळखून ती मुद्दाम बरोबर आली होती.

तो बँकेत सह्या तपासायचा. खोटी सही त्याला वासावरून कळते, असं कचेरीत म्हणत. त्यामुळे त्याच्याशी वाद घालायला सहसा कुणी धजत नसे.

"गेममधला आमचा शिपाईगडी कसा टुणकन उडी मारायचा," तो बाईंना म्हणाला. "हा आजारातून उठल्यासारखा उडतो. आकाश निळंभोर होतं, ते विटलंय. आणि संगीत! अंगावर काटा यायचा हो. आता डास गुणगुणल्यासारखं वाटतं."

"मी फक्त एक तुटलेली तार जोडली. बाकी कशाला हात लावला नाही."

असंच म्हणतात सगळे, त्याच्या मनात आलं.

"मुलीला मोठ्या तोऱ्यात बोलावलं मी. म्हटलं, तुमच्या हल्लीच्या गेममध्ये नुसता झगमगाट, दम म्हणून नाही. ये, खरा गेम काय असतो ते दाखवतो. चार मिनिटं खेळली आणि 'छान आहे, बाबा' म्हणून उठून गेली." तो पुढं वाकला. "बाई, माझी मुलगी मला कधी छान म्हणत नाही."

चिमीनं हसू दाबलं. बाईंनी दाबलं नाही. तेही त्यानं टिपून ठेवलं.

बाईंच्या मागच्या फळीवर तसेच तीन डबे होते. त्यांतल्या एकाचं झाकण उघडं होतं आणि आतून तारा लोंबत होत्या.

"त्याच्या पोटातलं कुठं गेलं?"

"सुटे भाग लागतात ना. पण तुमच्यात त्यातलं काही नाही."

"उघडा. माझ्यासमोर उघडा."

बाईंनी स्क्रू ड्रायव्हर घेतला, चार स्क्रू काढून बशीत ठेवले आणि आतला हिरवा बोर्ड अलगद उचलून उलटा केला. बोर्डाच्या पाठीवर, पिवळ्या पडलेल्या चिकटपट्टीखाली कागदाचा एक तुकडा होता.

"हे तुमच्याकडचंच असणार," त्या म्हणाल्या. "म्हटलं, असू दे. काढलं नाही मी."

त्यानं खिशातून भिंग काढलं. आधी चिकटपट्टीच्या कडा पाहिल्या. कुणी उचकटून पुन्हा लावल्याची खूण नव्हती. मग तो अक्षरांकडे वळला. पेन इतकं दाबून चालवलेलं, की पूर्णविरामाच्या जागी कागदाला भोक पडलं होतं. 'ह'चं पोट फुगलेलं, 'म'ची गाठ उघडी. हे अक्षर त्याचंच होतं. वय वर्षं बारा. त्यावर त्यानं डोळे मिटून 'खरे' असा शेरा मारला असता.

"काय लिहिलंय?" चिमी त्याच्या खांद्यावरून वाकली आणि मोठ्यानं वाचू लागली. "'हा गेम माझ्या एकट्याचा आहे. चिमीने हात लावू नये. हुकुमावरून.'"

बाई उगाचच बशीतले स्क्रू मोजू लागल्या.

"लहान होतो गं," तो म्हणाला. "एखाद्या दिवशी भांडलो असू. पण खेळायचो आपण दोघं. तासन्‌तास! आठव की तू. जेवायलासुद्धा उठायचो नाही."

"तू खेळायचास, दादा. मी बघायचे."

तिच्या आवाजात राग नव्हता. त्यानं भिंग खाली ठेवलं आणि तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. ती खोटं बोलत असती, तर त्याला कळलं असतं.

"एकदाही नाही?"

"एकदा दिलास. मला ताप आला होता तेव्हा. पण तेवढ्यात आई औषध घेऊन आली."

बाईंनी बोर्ड पुन्हा बसवला, कागदासकट. झाकण लावलं, डबा काउंटरवरच्या छोट्या टीव्हीला जोडला आणि कॅसेट आत सरकवली. तेच संगीत सुरू झालं. त्यानं सवयीनं हात पुढं केला, पण जॉयस्टिक चिमीनं आधीच उचलली होती.

शिपाई पहिल्याच खड्ड्यात पडला. चिमी खळखळून हसली. दुसऱ्यांदा पडला. तिसऱ्या खेपेला ती स्वतःच स्टुलावरून अर्धी उठली, आणि शिपाई पलीकडे पोचला.

"अय्या, कसला भारी आहे हा! आणि याला काय धाड भरलीय म्हणत होतास रे?"

त्यानं बाईंकडे पाहिलं. काहीतरी म्हणायला हवं होतं. "माफ करा," तो कसाबसा म्हणाला. बाईंनी मान हलवली. त्याही टीव्हीकडेच बघत होत्या.

तो बहिणीच्या पाठीशी जाऊन उभा राहिला. शिपाई धावत निघाला होता.

"पुढं काय येतं ते सांगू नकोस हं, दादा," पडद्यावरची नजर न हलवता ती म्हणाली.

त्यानं उघडलेलं तोंड मिटलं. पुढं नदी होती की किल्ला, हे त्याला आता छातीठोकपणे सांगता आलं नसतं.